इमारतीची नियत

पुण्याच्या लष्कर भागात लाल विटांची एक उंच इमारत आहे. १८६३ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि १८६७ मध्ये ते पूर्ण झाले. पैसा बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याचा, आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. बाहेरून पाहणाऱ्याला ती चर्च वाटते. निमुळत्या कमानी आणि वर घड्याळाचा मनोरा. आत मात्र ज्यूंचे प्रार्थनास्थळ. आणि पुणेकरांनी तिला नाव दिले आहे 'लाल देऊळ'. ख्रिस्ती वळणाची, ज्यू मालकीची, मराठी हिंदू नावाची ही इमारत दीडशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे आणि तिच्या नावावरून तिच्या आत प्रार्थना करणाऱ्यांची श्रद्धा कमी झाल्याचे कुणी ऐकलेले नाही.

आम्ही हे उदाहरण प्रथम दिले याचे कारण असे की अलीकडे आपल्या मोहल्ल्यांत मशीद बांधायची किंवा जुनी पाडून नवी उभारायची गोष्ट निघाली की पहिली मागणी होते ती 'मशीद मशिदीसारखी दिसली पाहिजे' अशी. म्हणजे घुमट हवा, मनोरे हवेत, जमले तर हिरवी काच आणि रात्री दिव्यांची माळ हवी. हे हवेच असेल तर असू द्या, आमचा घुमटाशी काही झगडा नाही. पण मशिदीसारखी म्हणजे कशासारखी, हे विचारायला हरकत नसावी. इमारत सुंदर असणे ही नेकी आहे, नुसती हौस आहे, की गरिबांच्या वस्तीत केलेला अपराध आहे, हा प्रश्न आपल्यात फारसा विचारला जात नाही. वर्गणी जमवताना तो अडचणीचा ठरतो आणि वर्गणी जमल्यावर उशीर झालेला असतो.

ताजमहालाविषयी आम्ही इथे काही लिहिणार नाही. आपले भाषण असो की लेख, वास्तुकलेचा विषय निघाला की आपण आग्र्याला जाऊन बसतो आणि तिथून परतायला तयार नसतो.

जायचेच तर आग्र्याच्याही मागे, मदिनेला जावे. प्रेषितांच्या हयातीतली मशीद कच्च्या विटांची होती. खजुराच्या बुंध्यांचे खांब, खजुराच्या झावळ्यांचे छप्पर. पाऊस आला की छप्पर गळे आणि सजदा करणाऱ्यांच्या कपाळाला चिखल लागे, हे हदीसच्या ग्रंथांतच नोंदलेले आहे. अबूबकर यांनी त्यात बदल केला नाही. उमर यांच्या काळी लोक वाढले, म्हणून मशीद मोठी केली गेली, पण सामान तेच राहिले: विटा, झावळ्या, लाकूड. आणि बांधणाऱ्याला त्यांनी दिलेल्या सूचनेचा आशय असा होता की लोकांचा पावसापासून बचाव होईल असे कर, मात्र तांबडा-पिवळा रंग देऊन त्यांचे चित्त विचलित करू नकोस. त्यांच्यानंतर आलेल्या उस्मान यांनी हिजरी सन २९ च्या सुमारास त्याच मशिदीच्या भिंती नक्षीदार दगडाच्या आणि चुन्याच्या केल्या, खांब दगडाचे केले आणि छपराला 'साज' वापरला. साज म्हणजे आपले सागवान. अरबस्तानात हे झाड उगवत नाही. हे लाकूड समुद्रमार्गे हिंदुस्थानच्या बाजूने येई. शनिवारवाड्याच्या मजल्यांना जे लाकूड लागले, त्याच जातीचे लाकूड हजार वर्षांपूर्वी मदिनेच्या मशिदीच्या डोक्यावर चढले होते, ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते.

त्या वेळीही लोक कुरकुरले होते. प्रेषितांची मशीद जशी होती तशी राहू द्यावी, असे म्हणणारे होते. म्हणजे हा वाद पहिल्या पिढीतलाच आहे, आणि दोन्ही बाजूंना अशी माणसे आहेत की ज्यांच्या इमानाविषयी शंका घेता येत नाही. आपल्याकडे मात्र एक बाजू 'दीन' आणि दुसरी 'फजूलखर्ची' किंवा एक बाजू 'प्रगती' आणि दुसरी 'मागासपणा' असे ठरवून बैठक सुरू होते.

या वादात आम्हाला उपयोगी पडते ते प्रेषितांचे दुसऱ्याच एका प्रसंगातले उत्तर. चांगले कपडे, चांगले जोडे आवडणे हा गर्व आहे काय, असे एकाने विचारले. उत्तराचा आशय असा की नाही. अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि सौंदर्य त्याला आवडते. गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. हे उत्तर कपड्यांविषयी होते, पण ते भिंतींनाही लागू पडते असे आम्हाला वाटते. इमारतीत नक्षी किती, संगमरवर किती, खर्च किती हे प्रश्न दुय्यम आहेत. ती कुणाला तुच्छ लेखते काय, हा पहिला प्रश्न. उमर यांनी पावसापासून लोकांना वाचवायला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात लोक होते, आणि उस्मान यांनी सागवान चढवले तेव्हा लोकांना काही तुच्छ लेखले नव्हते. म्हणून दोघांचे बांधकाम आपल्याला परस्परविरोधी न वाटता एकाच घराचे दोन मजले वाटू शकते.

दोन शब्दांकडेही जरा पाहावे. 'एहसान' म्हणजे उपकार एवढाच अर्थ आपल्या बोलण्यात उरला आहे. मूळ शब्द 'हुस्न' या धातूचा, म्हणजे एखादी गोष्ट सुंदर रीतीने करणे. चांगुलपणा आणि सौंदर्य यांना त्या भाषेने एकाच मुळावर वाढवले आहे. आणि 'इमारत' हा शब्द ज्या धातूचा आहे त्याच धातूचा 'उम्र' हा शब्द आहे, आणि उमर हे नावसुद्धा. वसवणे, आबाद करणे, जिवंत ठेवणे असा त्याचा अर्थ. कुराणात मशिदी आबाद ठेवण्याची गोष्ट येते तिथे हेच क्रियापद आहे, आणि भाष्यकारांनी त्यात बांधणे आणि वसते ठेवणे हे दोन्ही अर्थ पाहिले आहेत. तेव्हा स्लॅब पडला, रंग लागला, उद्घाटन झाले की इमारत पुरी होते हा समज कंत्राटदाराचा आहे. भाषेचा तो समज नाही.

आता पुण्याकडे येऊ. इथल्या जुन्या पेठांतल्या काही मशिदी बाहेरून वाड्यासारख्या दिसत. काळ्या दगडाचे जोते, चुन्याच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर कौले, अंगणात वजूसाठी हौज. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरात जागोजाग हौद भरले गेले, आणि हौद हा शब्दही मुळात अरबी 'हौज'च आहे. शहर आणि मशीद एकाच पाण्याने, एकाच लाकडाने आणि एकाच दगडाने बनत होती. पाथरवट, गवंडी, सुतार तेच. त्या सुताराने वाड्याच्या खांबाला जशी कमळाची पाकळी काढली तशीच मशिदीच्या खांबालाही काढली असेल, तर ते शिर्क आहे असे तेव्हा कुणाला वाटले नाही.

आमच्या माहितीतली अशी एक मशीद काही वर्षांपूर्वी पाडायची ठरली. तिचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशा पुष्कळ आहेत. बैठकीत जी बोलणी झाली ती मात्र सांगण्यासारखी आहेत. जागा पुरत नाही, जुम्म्याला लोक रस्त्यावर बसतात, रस्त्यावर बसले की तक्रारी होतात, रमजानमध्ये तरावीहला पोरांना जिन्यात उभे राहावे लागते. हे सगळे खरे होते. लाकूड वाळवीने पोखरले आहे, कौले दर पावसाळ्यात फुटतात, हेही खरे. एका हाजीसाहेबांनी सरळ विचारले, "आपल्याला नमाज पढायची आहे की खांब बघायचे आहेत?" त्यावर आयुष्यभर सुतारकाम केलेले एक चाचा म्हणाले, "हाजीसाहेब, नमाज तर मैदानातही होते. मग हे सगळे बांधताच कशाला?" बैठकीत हशा झाला आणि ठराव मंजूर झाला.

चाचांचा प्रश्न हसण्यावारी गेला, पण तो फार मोलाचा होता. नमाजेला इमारत लागत नाही, ही तर इस्लामची ख्याती आहे. स्वच्छ जमीन पुरे. म्हणजे मशीद बांधली जाते ती नमाज शक्य व्हावी म्हणून नव्हे. माणसे एकत्र यावीत, त्यांना सावली मिळावी, मन स्थिर व्हावे म्हणून. यांपैकी सावली आणि मन या दोन गोष्टी चौरस फुटांत मोजता येत नाहीत, म्हणून बैठकीत त्यांचा उल्लेख होत नाही. जिथे वाढती जमात सामावून घ्यायची आहे तिथे जुनी इमारत जपण्याच्या नावाखाली म्हाताऱ्यांना उन्हात बसवावे, असे आम्ही म्हणणार नाही. हाजीसाहेबांची गरज खरी होती. आमचा आक्षेप त्यानंतर जे आले त्याला आहे.

काय आले? चुन्याच्या जाड भिंतींच्या जागी पातळ भिंती आल्या. उंच छताच्या जागी दोन मजले बसवण्यासाठी ठेंगणे छत आले. वर उघडा स्लॅब, तो मे महिन्यात दिवसभर तापतो आणि इशाच्या नमाजेपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. म्हणून वातानुकूलन आले, आणि ते आले म्हणून खिडक्या बंद झाल्या. खिडक्या बंद झाल्यामुळे आतले रस्त्याला दिसेना आणि रस्त्यावरचे आत येईना. हौज बुजवून नळांची रांग आली. गुळगुळीत फरशीवर ओल्या पायांचे म्हातारे घसरू लागले, म्हणून त्यावर हिरवे गालिचे आले. भिंतींवर संगमरवरी पाट्या आल्या आणि प्रत्येक पाटीवर देणाऱ्याचे नाव. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, या शिकवणीवर जिथे दर जुम्म्याला बयान होते तिथेच देणगीची रक्कम रुपयांत कोरलेली आहे. खांबांचे काय झाले, तर ते भंगारवाल्याने नेले. जुन्या सागवानाला भाव चांगला येतो. एखाद्या उपाहारगृहाच्या सजावटीत ते आज उभे असतील.

कुणी म्हणेल, तुम्ही पोट भरलेल्या लोकांची हळहळ करता आहात. ज्या वस्तीत माणूस दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत सहा जणांसह राहतो, तिथे खांबाच्या पाकळीची चर्चा शोभत नाही. हा आरोप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. पण त्याची उलटी बाजू पाहावी. पत्र्याखाली राहणाऱ्याकडे बैठकीची खोली नसते, बाग नसते, भिंतीला टांगायला चित्र नसते. उंच छत, गार फरशी, चार क्षणांची शांतता त्याला शहरात कुठे फुकट मिळत असेल तर ती मशिदीत. गरिबाला सौंदर्य लागत नाही, त्याला फक्त उपयोग हवा असतो, हे मत आम्ही बहुतेक वेळा सुखवस्तू लोकांच्याच तोंडी ऐकले आहे. इमाम गजालींनी प्रेमाविषयी लिहिताना हिरवळ आणि वाहते पाणी यांचा दाखला दिला आहे: माणसाला ती खाण्यापिण्यासाठीच आवडतात असे नाही, नुसती पाहायलाही आवडतात. त्यांनी असे कुठे म्हटले नाही की ही आवड ठराविक उत्पन्नाच्या वर सुरू होते.

म्हणून पत्र्याच्या वस्तीतली मशीद सुंदर असावी, असेच आम्ही म्हणू. मात्र महाग म्हणजे सुंदर हे समीकरण सोडून द्यावे लागेल. ढाक्याच्या फैदाबाद भागात मरीना तबस्सुम या वास्तुविशारद बाईंनी 'बैतुर रौफ' नावाची मशीद बांधली. जागा त्यांच्या आजीने दिलेली. २०१२ मध्ये पुरी झालेली ही मशीद साध्या विटांची आहे. तिला घुमट नाही, मनोरा नाही. भिंतींतल्या फटींतून आणि छतातल्या भोकांतून उजेड आत येतो आणि दिवसभर जागा बदलतो. सजावट म्हणावी तर तेवढीच. २०१६ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ती पाहून 'ही मशिदीसारखी दिसत नाही' असे म्हणणाऱ्याने मदिनेतल्या पहिल्या मशिदीला घुमट होता काय, हे आधी सांगावे.

मरीनाबाईंचे नाव आले म्हणून दुसरी गोष्ट लिहिणे भाग आहे. मशिदीच्या सौंदर्याविषयी आपण जेव्हा बोलतो तेव्हा बोलणारे पुरुष असतात, कारण पाहिलेले तेच असतात. पुण्यातल्या कितीतरी घरांत अशा म्हाताऱ्या आहेत की ज्यांनी मशिदीच्या वर्गणीसाठी बांगडी उतरवून दिली, पण मिहराब कसा आहे हे त्यांना नातवाने काढलेल्या फोटोतून कळले. २०१९ मध्ये पुण्याच्याच एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितले की स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढायची मुभा आहे. मुभा आहे, हे ऐकून बरे वाटले. पण मुभा कागदावर असते आणि प्रवेश आराखड्यावर. स्त्रियांना दार कुठून, त्यांच्यासाठी वजूची जागा कुठे, जिना कुठे, हे नकाशात नसेल तर त्या मुभेने घराबाहेर पडलेली बाई मशिदीच्या फाटकापाशी उभी राहील आणि परत जाईल. प्रेषितांच्या मशिदीत स्त्रिया येत होत्या, ही गोष्ट कोणत्याही पंथाचा आलिम नाकारत नाही. तेव्हा अर्ध्या जमातीला दार नसलेली इमारत कितीही देखणी असली तरी, वर सांगितलेल्या कसोटीवर, ती कुणाला तरी तुच्छ लेखते आहे. हे वाक्य कठोर वाटेल, पण ते आम्ही मऊ करणार नाही.

साधेपणाविषयीही एक शब्द. साधेपणा म्हणजे आपोआप नेकी असे मानण्याकडे आपला कल असतो. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे: वर छत नाही, मातीत सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या आरंभी बसवलेली. तिथून थोड्याच अंतरावरच्या शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याच्या बेगमेचा मकबरा आहे. मुलगा आझमशहाने आईसाठी उभारलेला, खाली आणि घुमटाला संगमरवर, मधल्या भागात काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा. आपले वक्ते या दोन्हींची तुलना करून बापाच्या कबरीची थोरवी सांगतात. त्या कबरीपुढे आम्हीही स्तब्ध उभे राहिलो आहोत. पण पाव शतक दख्खनच्या लढाईत खजिना आणि माणसे खर्ची घातल्यावर स्वतःच्या कबरीला चार पैसे कमी लावले, तर हिशोब कितपत जुळतो, हा विचार मनात येतोच. उलट मकबऱ्याच्या गिलाव्यात निदान कारागिरांची मजुरी आहे आणि एका मुलाची आई आहे. बादशहाविषयी ज्याचे त्याचे मत असो. साधेपणाचीही मिरवणूक निघू शकते एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

मजुरीचा मुद्दा निघाला तर पुण्याच्या आगाखान पॅलेसकडे गेले पाहिजे. नगर रस्त्यावरची ही कमानींची इमारत सुलतान मुहम्मदशाह आगाखान यांनी १८९२ साली उभारली, ती आसपासच्या दुष्काळग्रस्त गावकऱ्यांच्या हातांना काम मिळावे म्हणून, असे सांगितले जाते. लखनौच्या बड्या इमामबाड्याचीही हीच कथा. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौलाने तो बांधायला काढला. आख्यायिका अशी की सामान्य मजूर दिवसा बांधत आणि पोटाला महाग झालेले खानदानी लोक रात्रीच्या अंधारात येऊन काम करत, म्हणजे त्यांचे तोंड कुणाला दिसू नये. कथा खरी असो वा रचलेली, ती रचणाऱ्या समाजाला हे कळत होते की भाकरी देतानाही माणसाची मान खाली जाता कामा नये. दान हातावर ठेवण्यापेक्षा काम देऊन त्या कामातून देखणी वास्तू उभी करणे, हा आदर्शवाद आम्हाला फार मोठा वाटतो. पोटही भरले आणि शहरालाही काही मिळाले.

पण इमारतीची नियत बांधणाऱ्याच्या मुठीत कायम राहत नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांनी गांधीजींना त्याच पॅलेसमध्ये आणून ठेवले. सहाच दिवसांनी तिथे महादेवभाई देसाई वारले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले. दुष्काळात लोकांना जगवण्यासाठी काढलेल्या व्हरांड्यांत पहारेकरी फिरले. गांधीजींना ती प्रशस्त जागा टोचत होती; एवढे मोठे घर आणि एवढा पहारा म्हणजे लोकांच्या पैशाची नासाडी आहे, आपण साध्या तुरुंगात समाधानाने राहू, अशा आशयाचे त्यांनी सरकारला लिहिले होते. सुंदर कमानी कैद्याला हलक्या वाटत नाहीत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला देऊन टाकली आणि आज शाळेची मुले तिथे सहलीला येतात. आम्ही तिथे गेलो की एकाच भिंतीने तीन वेळा अर्थ बदलला याचे आश्चर्य वाटते. भिंत तीच, वसणारे बदलले. 'इमारत' या शब्दाच्या धातूत हेच तर सांगितले आहे.

दगडाला एकच अर्थ आणि एकच मालक असतो, असे मानण्याचे दिवस सध्या आले आहेत. कसब्यातल्या शेख सल्ला दर्ग्यांवरून पुण्यात होणाऱ्या वादात आम्ही इथे शिरत नाही. त्याला न्यायालये आहेत. फक्त एवढे वाटते की त्या वादात दोन्हीकडून जे बोलले जाते ते सातबाऱ्याच्या भाषेत असते. तिथे गुरुवारी कोण येते, कशासाठी येते, लेकराला घेऊन आलेल्या आईला तिथे काय मिळते, हे कुणी विचारत नाही.

बांधणाऱ्या हातांविषयी पुण्यात बोलायचे तर जोतीराव फुले यांना वगळता येत नाही. आपण त्यांना शिक्षक आणि सुधारक म्हणून ओळखतो, पण ते बांधकामाचे कंत्राटदारही होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरवले. बांधकाम खात्यातली लाचखोरी आणि मजुरांची लुबाडणूक त्यांनी जवळून पाहिली आणि आपल्या लिखाणात तिच्यावर कोरडे ओढले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे. तरीही मशिदीच्या बांधकामावर मजुरी थकल्याच्या कहाण्या आपण ऐकतो. २०१९ च्या जूनअखेर कोंढव्यात, एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पावसात खचून शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. बिहारमधून कामाला आलेली माणसे, बायका, मुले, असे १५ जण झोपेत गेले. शहरासाठी उंच इमारती बांधणारी माणसे त्यांच्याच भिंतीखाली पत्र्यात राहत होती. त्या आठवड्यात कोंढव्यातल्या अनेक घरांतून त्यांच्यासाठी दुवा मागितली गेली असेल. आम्हाला मात्र वाटते की पुढची मशीद, पुढचा मदरसा, पुढचे सभागृह बांधायला घेताना आराखड्याचे पहिले पान मजुरांच्या निवाऱ्याचे असावे. घुमटाचे पान दुसरे चालेल.

याच जोतीरावांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मोमीनपुऱ्यातून तिथे चालत जायला वेळ लागत नाही. वास्तुकलेच्या पुस्तकात या हौदाचे नाव सापडणार नाही. त्यावर नक्षी नव्हती, आणि तो बांधतानाही काही विशेष केले नव्हते. एका माणसाने तो सर्वांना वापरू दिला, एवढेच झाले. आपल्या मशिदींतले हौज आपण बुजवून टाकले त्याचे दुःख आम्हाला होते ते केवळ पाण्यात पडणाऱ्या आकाशासाठी नव्हे. हौजाभोवती माणूस माणसासमोर बसतो. नळांच्या रांगेत तो भिंतीकडे तोंड करून बसतो.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, लष्करातल्या आझम कॅम्पसच्या व्यवस्थापनाने आपल्या मशिदीचा पहिला मजला, सुमारे ९ हजार चौरस फूट, महामारीतल्या विलगीकरणासाठी देऊ केला. त्या दिवसांत सगळ्या मशिदी रिकाम्या होत्या, जमाती घरात होत्या, आणि तबलीगच्या नावाने आपल्यावर नको ते बोलले जात होते. तो मजला बांधणाऱ्यांच्या मनात असा उपयोग नक्कीच नसणार. पण तिथे स्वच्छ जमीन होती, पाणी होते, पंखे होते, आणि दार सर्वांना उघडता येण्यासारखे होते. योगायोगाची गोष्ट अशी की त्याच आवारात वास्तुकलेचे महाविद्यालयही आहे. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना कधी अभ्यास म्हणून एखादी मशीद काढायला सांगितली गेली, तर आमची विनंती आहे की त्यांनी कागदावर आधी तो मजला काढावा. खाटा कशा लागतील, बाईला दार कुठून असेल, म्हाताऱ्याला जिन्याला कठडा असेल की नाही, उजेड कोणत्या वेळी कुठे पडेल, हे ठरवावे. मनोरा काढायला त्यानंतरही कागद शिल्लक राहतो.